तुमचा सबवूफर आणि खालच्या मजल्यावरचं बी.पी.

दहा-बारा वर्षांपासून माझ्याकडे येणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका आहेत. वय ६४. एका गोळीवर त्यांचं बी.पी. इतकी वर्षं नीट होतं. मग लागोपाठ तीन महिने ते १५०-१६० च्या घरात दिसू लागलं. आम्ही नेहमीची चौकशी केली. मीठ वाढलं का? नाही. गोळी चुकते का? नाही. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या सुरू केल्यात का? नाही. किडनी, थायरॉइड, सगळे रिपोर्ट ठीक. दुसरी गोळी लिहायला पेन उचललं आणि सवयीने विचारलं, "झोप कशी आहे, बाई?"

"झोप लागते हो डॉक्टर, पण वरच्या मजल्यावर भूकंप होतो ना रोज रात्री."

वरच्या फ्लॅटमधल्या तरुणाने होम थिएटर 'अपग्रेड' केलं होतं. आठ इंची सबवूफर गेला होता, बारा इंची आला होता. बाईंचं पुढचं वाक्य माझ्या अजून लक्षात आहे. "आवाज कानाला येत नाही, पलंगातून येतो. सिनेमा कुठला ते कळत नाही, फक्त मारामारी कधी सुरू झाली ते कळतं."

मी दुसरी गोळी लिहिली नाही. त्यांना पंधरा दिवस रोज सकाळी बी.पी. मोजून आणि झोपेची वही लिहून आणायला सांगितलं. मग घरी गेलो, दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या माझ्या स्वतःच्या काळ्या खोक्याकडे पाहिलं आणि एक जिना उतरून खालच्या वहिनींना विचारलं, "आमच्या टीव्हीचा त्रास होतो का हो तुम्हाला?" त्या थोड्या संकोचल्या. मग म्हणाल्या, "होतो. पण रात्री-अपरात्री तुमच्याकडे धावत यावं लागतं, तुम्हाला कसं सांगायचं?"

म्हणजे चार वर्षं मी त्यांची झोपमोड करत होतो आणि मी डॉक्टर आहे म्हणून त्या गप्प होत्या. हा लेख त्या लाजेतून लिहितो आहे. वाद घालण्यासाठीच लिहितो आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाने मोठा सबवूफर घेणं हा त्याचा खासगी शौक नाही. शेजाऱ्याच्या झोपेवर आणि तब्येतीवर परिणाम करणारी ती गोष्ट आहे, आणि शेजाऱ्याला न विचारता ती करण्याचा आपल्याला अधिकार नाही.

हा आवाज वेगळा का?

माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो. बोलणं, गाणं, कुकरची शिट्टी हे सगळं बहुतेक मधल्या पट्ट्यात येतं. सबवूफर फक्त तळाच्या पट्ट्यासाठी असतो, साधारण २० ते १२० हर्ट्झ. स्फोट, गडगडाट, ढोलाचा ठोका, हेलिकॉप्टरची घरघर. होम थिएटरच्या खोक्यावर '५.१' लिहिलेलं असतं, त्यातला '.१' म्हणजे हाच.

आता शाळेतलं थोडं भौतिकशास्त्र आठवा. १००० हर्ट्झच्या आवाजाची लाट सुमारे ३४ सेंटिमीटर लांब असते, म्हणजे शाळेतल्या पट्टीपेक्षा थोडी जास्त. ४० हर्ट्झच्या आवाजाची लाट साडेआठ मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ २८ फूट. तुमचा हॉल बहुधा तेवढा लांब नसतोच. ही लाट खोलीत मावत नाही. ती भिंत, स्लॅब, बीम यांना हलवते आणि पलीकडे जाते.

भिंत आवाज अडवते ती तिच्या वजनामुळे. ढोबळ नियम असा, की भिंतीचं वजन दुप्पट केलं तर सुमारे ६ डेसिबल जास्त आवाज अडतो आणि आवाजाची फ्रिक्वेन्सी निम्मी झाली तर ६ डेसिबल कमी अडतो. १००० हर्ट्झवरून साठ-बासष्टपर्यंत उतरायला चार वेळा निम्मं करावं लागतं. म्हणजे जी भिंत बोलणं अडवते, तीच सबवूफरपुढे सुमारे २४ डेसिबलने दुबळी पडते. त्यात हल्ली बऱ्याच इमारतींमध्ये विटांऐवजी हलके, सच्छिद्र ब्लॉक वापरतात. इमारतीचं वजन कमी होतं, बांधकाम लवकर होतं, पण भिंत हलकी झाली की आवाज अडवण्याची ताकदही कमी होते. जुन्या वाड्यातली दीड-दोन फुटी भिंत आणि आजची चार-सहा इंची भिंत यांची तुलनाच नको.

म्हणून शेजाऱ्यापर्यंत सिनेमा पोहोचत नाही, फक्त त्याचा गाळ पोहोचतो. संवाद नाही, गाणं नाही, नुसती धडधड. तुम्हाला अडीच तासांची गोष्ट मिळते, त्याला अडीच तासांचे धक्के.

"पण डॉक्टर, मीटरवर तर ४५ सुद्धा दाखवत नाही!"

हा सोसायटीच्या मीटिंगमधला सगळ्यात लाडका युक्तिवाद. मोबाइलवर ॲप उघडायचं, आकडा दाखवायचा, "बघा, नियमात आहे" म्हणायचं. यातली मेख समजून घ्या.

आपल्याकडे २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम आहेत. निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ पर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा. पण हे साधे डेसिबल नाहीत, 'ए' पट्टीवरचे आहेत. या पट्टीत खालच्या सुरांचे गुण कापले जातात, कारण हळू आवाजात आपला कान खालच्या सुरांना कमी दाद देतो. १००० हर्ट्झला काही कपात नाही. ६३ हर्ट्झला २६ डेसिबलची कपात. साडेएकतीस हर्ट्झला ३९ डेसिबलची.

म्हणजे शेजारच्या बेडरूममध्ये ६३ हर्ट्झचा आवाज प्रत्यक्ष ७० डेसिबल असेल, तर 'ए' पट्टीवर मीटर ४४ दाखवणार. नियमात! आणि पलंगावरचा माणूस तो आवाज स्वच्छ ऐकत असणार. शिवाय नियमातला आकडा सरासरीचा असतो. दहा धक्के आणि मधली शांतता यांची सरासरी काढली की ती सौम्यच दिसते. झोपलेला मेंदू मात्र सरासरी काढत नाही, तो प्रत्येक धक्का मोजतो.

आणखी एक गंमत. मधल्या पट्ट्यातला आवाज साधारण १० डेसिबल वाढला की आपल्याला तो दुप्पट वाटतो. तळाच्या पट्ट्यात त्याच्या निम्म्याच्या आसपास वाढ झाली तरी दुप्पट वाटतो. म्हणून 'बास'चं बटण दोन घरं पुढे सरकवणं तुम्हाला किरकोळ वाटतं, खालच्याला नाही.

मोजायचंच असेल तर मीटर 'सी' पट्टीवर लावून मोजा. त्यात खालचे सूर जवळपास जसेच्या तसे मोजले जातात. 'सी' आणि 'ए' यांच्या आकड्यांत १५-२० डेसिबलचा फरक दिसला, तर समजा की घरात येतोय तो बासच आहे. आणि मोबाइलचा माइक मुळात बोलणं टिपण्यासाठी केलेला असतो, तळाचे सूर तो नीट पकडेलच असं नाही. त्यामुळे मोबाइलमधला आकडा दाखवून शेजाऱ्याला खोटं पाडू नका.

झोपेत नेमकं काय होतं?

डोळे मिटता येतात, कान मिटता येत नाहीत. झोपेतही कान चालूच असतो आणि आवाजाची वर्दी मेंदूच्या देठापर्यंत जातच असते. धक्का आला की शरीर सावध होतं. नाडी वाढते, बी.पी. क्षणभर चढतं, ॲड्रिनलीनसारखी द्रव्यं रक्तात येतात. माणूस जागा होईलच असं नाही. सकाळी विचारलं तर "झोपलो की चांगला" असंही म्हणेल. पण झोप उथळ झालेली असते, आणि अंगात आळस, डोकं जड, चिडचिड अशा तक्रारी घेऊन तो माझ्यासमोर बसतो. मग आम्ही बी१२ तपासतो, डी३ तपासतो, हिमोग्लोबिन तपासतो.

निरोगी माणसाचं बी.पी. रात्री साधारण १० ते २० टक्के उतरतं. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना मिळणारी ती रोजची विश्रांती. ज्यांचं रात्री उतरत नाही, त्यांना हृदयविकाराचा आणि पक्षाघाताचा धोका जास्त असतो, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे.

वेळेचंही पहा. सर्वांत गाढ झोप रात्रीच्या पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात येते. साडेनऊ-दहाला झोपणाऱ्या आजी-आजोबांसाठी ती वेळ म्हणजे साडेदहा ते बारा. आणि जेवणं आटोपून नऊला लावलेल्या सिनेमाचा क्लायमॅक्स कधी येतो? त्याच वेळी. वयाबरोबर गाढ झोप आधीच कमी झालेली असते. उरलेल्या त्या थोडक्या झोपेवरच तुमचा स्फोट पडतो.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगतो. सततचा आवाज आणि रक्तदाब, हृदयविकार यांच्या संबंधावरचे मोठे अभ्यास मुख्यतः रस्त्यावरच्या आणि विमानांच्या आवाजावर झालेले आहेत, शेजाऱ्याच्या सबवूफरवर नाहीत. त्यामुळे "सबवूफरने हार्ट अटॅक येतो" असला व्हॉट्सॲप मेसेज माझ्या नावाने फिरवू नका. पण झोपमोड झाली की शरीरात काय घडतं, हे आवाज ट्रकचा आहे की सिनेमातल्या रणगाड्याचा यावर अवलंबून नाही.

"आजोबांना कुठे ऐकू येतं?"

हे वाक्य मी दवाखान्यात हसत हसत म्हटलेलं ऐकलं आहे. ते वैद्यकीयदृष्ट्या चूक आहे. वयामुळे येणाऱ्या बहिरेपणात आधी वरचे सूर जातात. 'स', 'श', 'फ', 'थ' यांसारखी व्यंजनं पुसट होतात, म्हणून आजोबांना "काय म्हणालास?" असं पुन्हा विचारावं लागतं. खालचे सूर मात्र बऱ्याचदा टिकून असतात. म्हणजे नातवाचं बोलणं ज्यांना कळत नाही, त्यांना वरच्या मजल्यावरचा धडाका व्यवस्थित कळतो. कानात कापूस घालून उपयोग नाही. कापूस वरचे सूर अडवतो आणि उरते ती फक्त धडधड, आणखी ठळक होऊन.

आजी-आजोबांशिवाय इमारतीत कोण कोण असतं तेही आठवा. बाळंतीण आणि तान्हं बाळ. दहावी-बारावीची पोरं. अर्धशिशीची रुग्ण, जिला अशा वेळी प्रत्येक ठोका कपाळावर बसतो. ऑपरेशन होऊन घरी आलेला माणूस. आणि रात्रपाळी करून सकाळी आठला झोपणारी नर्स किंवा कारखान्यातला कामगार. "आम्ही रात्री दहाच्या आत बंद करतो" हे उत्तर त्यांच्यासाठी उत्तरच नाही.

"मग गणपतीत डीजे चालतो तो?"

नाही चालत. मी त्याविरुद्धही लिहितो आणि लिहीत राहीन. पण मंडळाचा डीजे वर्षातून काही दिवस असतो, सगळ्या गावाला ऐकू येतो, पोलिसात तक्रार होते, पेपरात फोटो येतो. तुमचा सबवूफर वर्षभर असतो आणि त्याचा त्रास एकाच घराला होतो. त्या घराने तक्रार केली तर सोसायटीत "भांडखोर" असा शिक्का बसतो. मोठ्या आवाजावर तावातावाने बोलणारी आपण सुशिक्षित मंडळी हॉलमध्ये हाच छोटा डीजे लावून बसतो आणि त्याला 'क्वालिटी साउंड' म्हणतो. त्यात मीही होतो.

"माझं घर, माझे पैसे" याचं उत्तर तर कायद्यानेच दिलं आहे. खासगी जागेतल्या ध्वनियंत्रणेचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर परिसराच्या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त जाता कामा नये, असं नियमांतच आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ च्या निकालात शांततेत जगणं हे घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडलं. आपल्याला बोलण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याला जबरदस्तीने ऐकवण्याचा नाही, हे त्याचं सार. तुमच्या फ्लॅटची हद्द दाराशी संपते. बासची संपत नाही.

दुकानात काय सांगतात?

"साहेब, दहा इंची नको, बारा घ्या. फील येतो." हा 'फील' काय आहे? चित्रपटगृहाच्या मानकानुसार प्रत्येक मुख्य स्पीकरचा सर्वोच्च आवाज १०५ डेसिबल आणि बासच्या वाहिनीचा ११५ डेसिबल धरलेला असतो. तो हिशेब सिनेमागृहासाठी आहे. त्याच्या वर-खाली कोणी झोपलेलं नसतं. तो १२ बाय १५ च्या हॉलमध्ये आणायचा हट्ट का?

दुसरं, वॉटचा मोह. १०० वॉटचे २०० केले तर आवाज फक्त ३ डेसिबल वाढतो. आणि खोक्यावर 'पीएमपीओ'चे हजारो वॉट छापलेले असतील, तर तो आकडा पूर्ण विसरा. आरएमएस वॉट विचारा.

तिसरं आणि महत्त्वाचं. बहुतेक लोक 'अपग्रेड' करतात तेव्हा त्यांची खरी तक्रार सबवूफरची नसतेच. "डायलॉग नीट कळत नाहीत" ही असते. संवाद कळत नाहीत म्हणून आवाज वाढवायचा, आवाज वाढवला की पुढच्या मारामारीत घर हादरतं. संवाद येतात मधल्या, म्हणजे सेंटर स्पीकरमधून. पैसे खर्च करायचेच असतील तर तिथे करा, किंवा सेटिंगमध्ये त्याचा आवाज ३-४ डेसिबल वाढवा. ते फुकट आहे. आणि तुम्हीही पन्नाशी ओलांडली असेल, तर सबवूफर बदलण्याआधी कानाची तपासणी करून घ्या. हे मी थट्टेने सांगत नाही.

चौथं, स्वतःच्या कानांचं. चांगल्या यंत्रणेत आवाज फाटत नाही, म्हणून तो किती मोठा झालाय ते कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने ऐकण्याच्या उपकरणांसाठी घालून दिलेली मर्यादा आहे आठवड्याला ४० तास ८० डेसिबल. दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ९२ डेसिबलला उरतात अडीच तास, म्हणजे आठवड्यात एक हिंदी सिनेमा. सिनेमानंतर कानात शिट्टी वाजत असेल तर मर्यादा ओलांडलेली आहे.

आणि पेसमेकर बसवलेल्यांसाठी एक सूचना. मोठ्या स्पीकरमध्ये मोठा लोहचुंबक असतो. छातीवरचा पेसमेकर त्यापासून निदान १५ सेंटिमीटर, म्हणजे सहा इंच दूर ठेवा. शेजारी बसून सिनेमा बघायला हरकत नाही, पण सबवूफर छातीशी धरून उचलू नका.

मग काय करायचं?

सबवूफर फेकून द्या असं मी म्हणत नाही. स्वतंत्र बंगला असेल, आजूबाजूला अंतर असेल, तर खुशाल मजा करा. फ्लॅटमध्ये असाल तर मात्र नवा घेण्याआधी असलेला नीट लावा.

१. कोपऱ्यातून काढा. दोन भिंती आणि जमीन मिळून कोपऱ्यात बास फुगतो आणि थेट भिंतींत जातो. शेजाऱ्याशी सामाईक असलेल्या भिंतीपासून लांब, तुमच्या सोफ्याजवळ ठेवा. कानाजवळ असला की कमी आवाजही पुरतो.

२. जागा शोधा. सबवूफर तुमच्या बसायच्या जागी ठेवा, बास असलेलं गाणं लावा आणि खोलीत कानाची उंची कमी करून, म्हणजे चक्क रांगत, फिरा. जिथे बास भरीव पण घुमणारा नाही, ती त्याची जागा. १५ फूट लांबीची खोली साधारण ३७-३८ हर्ट्झला घुमते. अनेकांना 'दमदार' वाटतं ते सबवूफरचं नव्हे, खोलीचं घुमणं असतं.

३. नाइट मोड लावा. जवळपास प्रत्येक रिसिव्हरमध्ये आणि साउंडबारमध्ये तो असतो. मोठे आवाज दाबले जातात, हळू आवाज वर येतात. रात्री नऊनंतर तो लावा आणि सबवूफरचा आवाज खाली आणा किंवा सरळ बंद करा.

४. फोम आणि अंड्याचे ट्रे यांवर पैसे घालवू नका. ते खोलीतला वरचा आवाज थोडा शोषतात. ४० हर्ट्झच्या लाटेसाठी काही फूट जाडीचा थर लागेल. खाली रबराचा पॅड ठेवल्याने खोक्याची जमिनीला बसणारी थरथर कमी होते, पण बहुतेक बास हवेतून जाऊन स्लॅब हलवतो. पॅड ठेवा, पण त्याला परवाना समजू नका.

५. खाली जाऊन ऐका. सिनेमा चालू ठेवा, शेजाऱ्याच्या परवानगीने त्यांच्या बेडरूममध्ये पाच मिनिटं उभे राहा. पलंगाला हात लावा. मीटरपेक्षा ही तपासणी खरी.

६. शेजाऱ्याला बटण द्या. हे सगळ्यात महत्त्वाचं, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेत ग्लास आणि सिंगर या दोन मानसशास्त्रज्ञांनी आवाजावर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. त्यांचं पुस्तक १९७२ चं. लोकांना अवचित, मोठा आवाज ऐकवला. काहींना एक बटण दिलं. दाबलं तर आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका, असं सांगितलं. ते लोक बटण न दाबताच बसले. आवाज दोन्ही गटांना तोच. नंतर दिलेली कामं मात्र बटण असलेल्यांनी जास्त चांगली केली. आवाजाइतकाच "मी काहीच करू शकत नाही" हा भाव माणसाला थकवतो.

तुमच्या खालच्या घराकडे असं बटण नाही. म्हणून ते आवाज नसतानाही आवाजाची वाट बघत पडलेले असतात. ते बटण तुम्ही देऊ शकता. जिना उतरा, आपला मोबाइल नंबर द्या आणि सांगा, "त्रास झाला तर एक मेसेज टाका, मी लगेच कमी करेन, वाईट वाटून घेणार नाही." आणि मेसेज आला की खरंच लगेच कमी करा. नवा सबवूफर घ्यायच्या आधी हे करा, नंतर नव्हे.

आणि ज्यांना त्रास होतो, त्यांनाही सांगतो, सोसत राहू नका. आधी स्वतः जाऊन शांतपणे बोला. "तुमचा टीव्ही मोठा आहे" म्हणू नका, ते म्हणतील टीव्ही तर हळूच आहे. "बासची धडधड येते, आमच्या बेडरूममध्ये या आणि ऐका" असं म्हणा. मग सोसायटीला लेखी द्या. कुठेच ऐकलं गेलं नाही, तर ११२ वर फोन करायला लाज वाटू देऊ नका. आणि डॉक्टरकडे जाल तेव्हा झोपमोडीची गोष्ट आवर्जून सांगा. आम्ही विचारायला विसरतो.

पुढे काय झालं?

बाईंनी पंधरा दिवसांची वही आणली. वरच्या मजल्यावर सिनेमा झालेल्या रात्रींपुढे त्यांनी लाल खूण केली होती आणि त्यानंतरच्या बहुतेक सकाळचे आकडे वरचे होते. ती वही घेऊन त्या स्वतः वर गेल्या. मुलगा भला निघाला. त्याला खरोखर कल्पनाच नव्हती. त्याने खोका हलवला, रात्री बास बंद ठेवू लागला आणि आपला नंबर दिला. दीड महिन्याने बाईंचं बी.पी. १३८/८४ होतं, त्याच एका गोळीवर. त्यातलं किती शांत झोपेमुळे, किती वहीच्या निमित्ताने आलेल्या शिस्तीमुळे, हे मी छातीठोक सांगू शकत नाही. एका रुग्णावरून सिद्धांत काढता येत नाही. पण एक गोळी वाढवायची वाचली, एवढं नक्की.

माझ्याकडचा मोठा खोका मी गावाकडच्या घरी नेऊन ठेवला. तिथे एका बाजूला शेत आहे, दुसऱ्या बाजूला रस्ता. इथे लहान आहे, तो सोफ्याशेजारी, नऊनंतर बंद. खालच्या वहिनींकडे माझा नंबर पूर्वीपासूनच होता, पण तो आजारपणासाठी होता. आता तो यासाठीही आहे, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. वर्षभरात त्यांचे दोनच मेसेज आले. दोन्ही वेळा लिहिलं होतं, "डॉक्टर, जरा."

तेवढं पुरतं.